लिनक्सचा बेळगावकर

२०१३ सालच्या ३० मे रोजी उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या दोषनोंदवहीतील पहिल्या क्रमांकाची नोंद बंद करण्यात आली. ही नोंद मोठी विलक्षण होती. उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी ती २० ऑगस्ट २००४ रोजी स्वतः केली होती आणि तीत कोणत्याही आज्ञावलीतील चूक दाखवलेली नव्हती. संगणकाच्या बाजारपेठेचा बहुतांश हिस्सा मायक्रोसॉफ्टच्या हाती आहे, हाच मुळी दोष असून तो दुरुस्त व्हायला हवा, असा तिचा आशय होता. जवळपास नऊ वर्षांनी, अँड्रॉइडच्या रूपाने लिनक्सचा गाभा लोकांच्या खिशातील फोनपर्यंत पोहोचल्यावर, शटलवर्थ यांनीच ती निकालात काढली. त्यानंतर चारच दिवसांनी, ३ जून २०१३ रोजी, बंगळुरूमध्ये अतुल चिटणीस यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ५१ वर्षांचे होते.

या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तरीही त्या शेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत. भारतातील संगणकप्रेमींच्या एका पिढीला लिनक्सची ओळख झाली, त्यात चिटणीस यांचा वाटा फार मोठा होता. आणि त्याच पिढीला नुसते वापरकर्ते राहू नका, चुका कळवा, जमल्यास दुरुस्त करा, असे कानीकपाळी ओरडून सांगण्याचे अप्रिय कामही त्यांनीच पत्करले. त्यांना जाऊन आता एक तप उलटून गेले आहे. ज्या प्रणालीसाठी त्यांनी उमेदीची वर्षे वेचली ती सर्वत्र पसरली. पण त्यांनी ज्या उणिवेवर बोट ठेवले होते, तिचे काय झाले, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याकडे पाहताना टाळता येत नाही.

चिटणीस यांचा जन्म २० फेब्रुवारी १९६२ रोजी जर्मनीतील बर्लिन शहरात झाला. पुढे ते भारतात आले आणि बेळगावात वाढले. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा एकाच बाजारपेठेत ऐकू येणारे हे सीमेवरचे शहर. तेथेच त्यांनी यांत्रिकी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. संगणकशास्त्र हा त्यांच्या पदवीचा विषय नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. यंत्र उघडून पाहावे, ते का बिघडले हे शोधावे आणि आपल्या हाताने पुन्हा सुरू करावे, ही अभियंत्याची वृत्ती घेऊनच ते संगणकाच्या क्षेत्रात उतरले. बंगळुरू ही त्यांची कर्मभूमी ठरली.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस भारतात इंटरनेट सामान्य माणसाच्या स्वप्नातही नव्हते. त्या काळात चिटणीस यांनी बंगळुरूमध्ये ‘सिक्स’ नावाचा बुलेटिन बोर्ड चालवला. देशातील अशा स्वरूपाच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी तो एक होय. घरातील दूरध्वनीच्या तारेला मोडेम जोडायचा, दुसऱ्या टोकाच्या संगणकाला फोन लावायचा आणि तेथे ठेवलेले निरोप वाचायचे, आपले निरोप मागे ठेवायचे, असा हा मामला. फोन कधी लागे, कधी मधेच तुटे, आणि लागला तरी अक्षरे पडद्यावर रांगत रांगत उमटत. पण एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे केवळ प्रश्न आणि उत्तरे यांच्या बळावर एकत्र येतात, एकाची अडचण दुसरा सोडवतो आणि ते उत्तर तिसऱ्यालाही उपयोगी पडते, हा अनुभव चिटणीस यांना तेथे आला. लिनक्सच्या जगात पुढे त्यांना जे करायचे होते, त्याचे बीज या अनुभवात होते, असे म्हणता येईल.

‘पीसीक्वेस्ट’ या इंग्रजी मासिकाचे ते सल्लागार संपादक होते. संगणकांच्या परस्परसंपर्काविषयीचे त्यांचे सदर त्या मासिकात वाचकप्रिय झाले. मोडेम म्हणजे काय, तो कसा निवडावा, तारेवरून माहिती कशी जाते, हे विषय त्यांनी जाणत्या मित्राने समजावून सांगावेत तसे सांगितले. मात्र ज्या एका गोष्टीने त्यांचे नाव देशभर झाले, ती गोष्ट १९९६ सालची. त्या वर्षी पीसीक्वेस्टने आपल्या अंकासोबत लिनक्सची सीडी वाचकांच्या हाती दिली. मासिकाच्या या लिनक्स उपक्रमामागे चिटणीस आणि त्यांचे सहकारी होते. पुढील वर्षांतही हा क्रम सुरू राहिला आणि कालांतराने ‘पीसीक्यूलिनक्स’ नावाने मासिकाने स्वतःची आवृत्तीच सिद्ध केली.

या सीडीचे मोल आज समजणे कठीण आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला, तेव्हापासून तो कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येत होता. परंतु विनामूल्य असणे आणि हाती येणे यांत मोठे अंतर होते. विदेश संचार निगमने भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि आरंभी ती मोजक्या महानगरांपुरतीच होती. सेकंदाला २८,८०० बिट हा त्या काळी उत्तम मानला जाणारा वेग गृहीत धरला, तरी ६५० मेगाबाइटची एक सीडी उतरवायला अखंड ५० तास लागले असते, तेही फोन एकदासुद्धा न तुटता. यवतमाळ जिल्ह्यातील वणीसारख्या गावाचा विचार केला म्हणजे चित्र अधिक स्पष्ट होते. कोळशाच्या खाणींनी वेढलेल्या, लोकनायक बापूजी अणे यांचे जन्मगाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्याच्या ठिकाणाहून इंटरनेटसाठी लांबच्या शहराला एसटीडी लावून ५० तास बोलण्याचे बिल कोणाला परवडले असते? मासिकाचा अंक मात्र टपालाने कोठेही जाऊ शकत होता. ज्या गावी इंटरनेट पोहोचले नव्हते, तेथे लिनक्स पोहोचण्याची वाट या उपक्रमाने मोकळी केली.

सीडी हाती आली; पण काम तेथे संपत नव्हते, उलट सुरू होत होते. त्या काळी लिनक्स संगणकावर चढवणे म्हणजे एक व्रतच होते. पडद्याचे चित्र नीट उमटावे म्हणून मॉनिटरच्या कंपनाचे आकडे स्वतः भरावे लागत. ते चुकले की काळा पडदा समोर येई. स्वस्तातले अनेक अंतर्गत मोडेम केवळ विंडोजच्या आधारे चालतील अशा रीतीने बनवलेले असत. लिनक्सला ते ओळखूच येत नसत. ध्वनीचे कार्ड गप्प बसे, प्रिंटर भलतीच अक्षरे छापी. साहजिकच वापरणाऱ्यांचे प्रश्न आणि तक्रारी यांचा पूर आला. त्या तक्रारींपैकी कितीतरी दोनच शब्दांच्या असत : चालत नाही. या दोन शब्दांवरून जगातला कोणताही तंत्रज्ञ काहीही दुरुस्त करू शकत नाही. वैद्याकडे जाऊन केवळ बरे वाटत नाही एवढेच सांगावे आणि नाडीही दाखवू नये, तसाच हा प्रकार. लिनक्स पोहोचवणे ही पहिली पायरी. ते बिघडले तर काय करावे हे शिकवणे ही दुसरी, आणि तीच अधिक अवघड होती.

संगणकाच्या परिभाषेत दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-दोन या यंत्राच्या एका विद्युत्-खटक्यात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला आणि तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. ती वही आजही तेथील राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. हा शब्द त्याआधीपासून अभियंत्यांच्या बोलण्यात होता. तो त्या दिवशी जन्मला, अशी समजूत चुकीची आहे. परंतु त्या प्रसंगातील खरी शिकवण निराळीच आहे. तंत्रज्ञांनी पतंग काढून फेकून दिला नाही. तो कोठे सापडला आणि किती वाजता सापडला, हे त्यांनी लिहून ठेवले. दोष दूर करण्याइतकेच त्याची नोंद करणे महत्त्वाचे असते.

लिनक्सच्या जगात ही नोंदवही सर्वांसाठी उघडी असते. बंद प्रणाली विकणाऱ्या कंपनीच्या दोषांची यादी तिच्या दाराआड राहते. ग्राहकाला तक्रार करता येते, पण आपल्यासारखी तक्रार आणखी कोणाची आहे, तिचे पुढे काय झाले, हे त्याला दिसत नाही. याउलट १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स प्रकल्पाने १९९७ मध्ये आपल्या वापरकर्त्यांशी जो सामाजिक करार जाहीर केला, त्यात दोष लपवणार नाही आणि दोषांची संपूर्ण नोंद कायम जनतेसाठी खुली ठेवू, असे अभिवचन दिले. उबुंटू ही प्रणाली पुढे याच डेबियनच्या पायावर उभी राहिली, आणि भारतात सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. स्वतःचे दोष चव्हाट्यावर मांडण्यात कमीपणा नाही, तर ते लपवण्यात आहे, ही धारणा या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी आहे.

चांगल्या दोषनोंदीचे स्वरूप ठरलेले आहे. प्रणाली कोणती आणि तिची आवृत्ती कितवी, यंत्र कोणते, नेमके काय करत असताना दोष दिसला, काय घडायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय घडले, तो दर वेळी दिसतो की अधूनमधून, हे सारे क्रमाने लिहायचे. त्याआधी तीच तक्रार आणखी कोणी केली आहे काय, हे शोधायचे. केली असल्यास नवी नोंद न करता तिच्यात आपल्या अनुभवाची भर घालायची. मग कोणीतरी स्वयंसेवक ती नोंद तपासतो आणि आपल्या संगणकावर तोच दोष पुन्हा घडवून पाहतो. दोष सिद्ध झाला की तो नेमक्या कोणत्या भागाचा आहे हे ठरते. कारण पडद्यावर दिसणारी चूक ही खिडक्या रेखाटणाऱ्या आज्ञावलीची असू शकते, टंकाची असू शकते किंवा थेट गाभ्यातली असू शकते. अखेरीस कोणीतरी दुरुस्तीच्या चार ओळी लिहितो. त्या ओळींना ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे आपले साधे ठिगळ. दुसरा जाणकार ते ठिगळ पारखतो, त्याने नवे भोक पडत नाही ना हे पाहतो, आणि मगच ते मूळ वस्त्राला जोडले जाते. या साखळीत पहिली कडी तंत्रज्ञाची नाही. ती ज्याच्यासमोर दोष घडला, त्या वापरकर्त्याची आहे.

या मुद्द्याचे महत्त्व मराठी माणसाला अधिक जाणवायला हवे. देवनागरीत पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, लिहिताना मात्र आधी काढावी लागते. ही युक्ती संगणकाला शिकवलेली नसेल, तर वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. मराठीतील अर्धा र तर याहून नाजूक. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. आचार्यांना निमंत्रण देणे वेगळे आणि आचाऱ्यांना देणे वेगळे. हा भेद हिंदीत नाही. म्हणून हिंदीपुरता विचार करून बनवलेल्या टंकात तो हरवण्याची भीती राहते. ल आणि श ही अक्षरेही मराठी वळणाची निराळी आणि हिंदी वळणाची निराळी. फिनलंडमधील किंवा अमेरिकेतील तंत्रज्ञ कितीही बुद्धिमान असला, तरी समुद्राच्या जागी दरी आली आहे, हे त्याला कळणार नाही. ते मराठी वाचणाऱ्यालाच दिसणार. समजा, वणीच्या तहसील कचेरीबाहेर अर्ज टंकून देणाऱ्या एखाद्याच्या पडद्यावर ही चूक रोज उमटते आणि तो रोज पेनाने ती कागदावर सुधारतो. तर तो कागद सुधारतो, प्रणाली तशीच राहते. त्याने एकदा ती नोंदवली, तर ती जगातील प्रत्येक मराठी माणसासाठी सुधारू शकते. लिनक्सवर मराठी आज बिनचूक दिसते त्यामागे अशाच नोंदी आणि दुरुस्त्या आहेत. लोहित या मुक्त टंकाची वर्षानुवर्षे निगा राखणारे तंत्रज्ञ तर रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील कार्यालयात होते.

चिटणीस यांनी ही दृष्टी रुजवण्यासाठी माणसे एकत्र आणण्याचा मार्ग धरला. बंगळुरूच्या लिनक्स वापरकर्त्यांच्या मंडळाचे ते एक संस्थापक. २००१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद भरवली. स्वयंसेवकांनी उभी केलेली ही परिषद वर्षागणिक मोठी होत गेली आणि २००५ मध्ये तिने ‘फॉस डॉट इन’ हे व्यापक नाव धारण केले. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे ॲलन कॉक्स आणि हाराल्ड वेल्टे यांच्यासारखे जगप्रसिद्ध तंत्रज्ञ तिच्या व्यासपीठावर आले. ज्यांची नावे केवळ आज्ञावलींच्या माथ्यावर वाचलेली, ती माणसे भारतीय विद्यार्थ्यांना समोरासमोर भेटू लागली. त्यांच्याशी बोलावे, त्यांच्या शेजारी बसून काम करावे, ही संधी मोठीच होती.

पण येथेच चिटणीस यांच्या मनातील खंत तीव्र होत गेली. सभागृहे भरत होती, टाळ्या पडत होत्या, सीडी वाटल्या जात होत्या. मात्र मुक्त प्रणालींच्या जडणघडणीत भारतीयांचा सहभाग त्या गर्दीच्या मानाने फारच तोकडा होता. भारताने मुक्त सॉफ्टवेअर भरभरून घेतले, परत मात्र चिमूटभर दिले, हे त्यांचे निदान होते आणि ते त्यांनी कोणाचीही भीड न ठेवता वारंवार मांडले. लिनक्स किती चांगले आहे, हे सांगणारी तीच ती भाषणे ऐकण्याचा त्यांना उबग आला होता. म्हणून उत्तरार्धातील वर्षांत त्यांनी परिषदेचा कायापालट केला. प्रचाराची व्याख्याने कमी झाली आणि प्रत्यक्ष कामाची सत्रे वाढली. या सत्रांना ‘वर्कआउट’ म्हणजे तालीम असे नाव होते. एखाद्या प्रकल्पाची माणसे एकत्र बसून ठरावीक दोष सोडवतील किंवा नवा भाग लिहितील आणि उठताना काहीतरी पुरे झालेले असेल, अशी ती कल्पना. श्रोता म्हणून या, पण कर्ता होऊन जा, हा त्यामागचा आग्रह होता.

हा आग्रह सर्वांना रुचला नाही. चिटणीस यांचा स्वभाव परखड, प्रसंगी तिखट. आळशी प्रश्न विचारणाऱ्याला ते स्पष्ट शब्दांत सुनावत. नवशिक्याने कोठे जायचे, असा आक्षेप परिषदेच्या बदललेल्या स्वरूपावर घेता येण्यासारखा होता, आणि तो सर्वस्वी निराधार होता असेही म्हणता येत नाही. दोष कळवायचा तर इंग्रजीत लिहावे लागते. मराठी किंवा हिंदी माध्यमातून शिकलेल्याला ती पहिली भिंत. आपल्या नोंदीला कोणी हसेल, ती कोणीतरी आधीच केलेली निघेल, ही दुसरी. शिक्षकाची चूक दाखवणे म्हणजे उद्धटपणा, असे ज्या वर्गात शिकवले जाते, तेथून आलेल्या मुलाला परक्या देशातील नामवंत तंत्रज्ञाची चूक दाखवायला किती बळ लागत असेल, याचाही विचार करायला हवा. शिवाय पोटापाण्याची घाई ही आपल्याकडील सार्वकालिक अडचण. या साऱ्या भिंती खऱ्या होत्या. चिटणीस यांचे म्हणणे एवढेच होते, की भिंती खऱ्या असल्या तरी त्या कारण म्हणून पुढे करण्यासाठी नसतात, ओलांडण्यासाठी असतात. एक बारीकशी चूक नीट नोंदवणे हे त्यासाठीचे सर्वांत ठेंगणे कुंपण होय. ते ओलांडायला आज्ञावली लिहिता येण्याचीही गरज नसते.

व्यवसायाने ते तंत्रसल्लागार होते. एक्सोकोर ही त्यांची सल्लागार कंपनी. पुढे मुंबईच्या जिओडेसिक कंपनीतही त्यांनी काम केले. कामाबाहेर संगीत हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता. ते गिटार वाजवत आणि गात. तात्त्विक वादांत रमण्यापेक्षा हातातले काम तडीस नेण्याकडे त्यांचा ओढा असे.

२०१२ साली त्यांना आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले. आजार त्यांनी जगापासून दडवला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस बंगळुरूमध्ये फॉस डॉट इन पुन्हा भरली आणि तेच तिचे अखेरचे पर्व ठरले. उपचार सुरू असतानाही जे काम एका तपापूर्वी हाती घेतले होते, त्याचा समारोप त्यांनी स्वतःच्या डोळ्यांदेखत होऊ दिला. त्यानंतर काही महिन्यांतच त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यांच्या पश्चात घडलेल्या दोन घटना त्यांच्या आग्रहाचे मोल सांगतात. इंटरनेटवरील व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त आज्ञावलीत एक दोष २०१२ पासून प्रसृत आवृत्त्यांमध्ये दडून होता. तो ‘हार्टब्लीड’ या नावाने जगापुढे आला एप्रिल २०१४ मध्ये. मधली दोन वर्षे ही आज्ञावली असंख्य संगणकांवर चालत होती आणि तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचायला खुला होता. अनेक डोळे असले की कोणताही दोष लपत नाही, असे मुक्त स्रोताचे पुरस्कर्ते मानतात. परंतु डोळे असणे आणि त्यांनी पाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे हार्टब्लीडने दाखवून दिले.

दुसरी घटना नेमकी उलट दिशेची. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते डेबियनच्या चाचणीस्तरावरील आवृत्तीवर काम करत होते. दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे त्यांच्या लक्षात आले. अर्ध्या सेकंदाकडे कोण लक्ष देतो? त्यांनी दिले. मागोवा घेत ते एक्सझेड नावाच्या एका लहानशा आज्ञावलीपर्यंत पोहोचले आणि तीत कोणीतरी जाणूनबुजून चोरदरवाजा बसवला असल्याचे त्यांना आढळले. २९ मार्च रोजी त्यांनी तो जाहीरपणे कळवला. नव्या आवृत्त्यांबरोबर तो जगभरातील लिनक्स यंत्रांत शिरण्याआधीच रोखला गेला. पुढचा मोठा अनर्थ टळला तो एका माणसाने जरा उशीर होतोय, होऊ दे, असे न म्हटल्यामुळे.

चिटणीस यांना हवा होता तो असा माणूस. तो बर्लिनचा असो, बेळगावचा असो वा वणीचा. त्याच्यासमोर काही चुकीचे घडले तर त्याने खांदे उडवून पुढे जाऊ नये, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आज भारतात मुक्त प्रणालींवर काम करणारे तरुण त्यांच्या काळापेक्षा कितीतरी अधिक आहेत आणि त्यांतील अनेकांची वाट मासिकासोबत आलेल्या एका सीडीपासून किंवा बंगळुरूच्या त्या सभागृहांपासून सुरू झाली. वणीतही आता फोनच्या पडद्यावर क्षणार्धात जे उतरते, त्यासाठी एकेकाळी ५० तास लागले असते. साधनांची टंचाई संपली. उबुंटूच्या नोंदवहीतील पहिला दोष बाजारपेठेच्या ओघात बंद झाला. चिटणीस यांनी नोंदवलेला दोष मात्र कोणत्याही नोंदवहीत नाही आणि तो बाजारपेठेने दुरुस्त होण्यासारखाही नाही. भरभरून घेणाऱ्या समाजाने थोडे परत द्यावे, ही ती नोंद. ती अजून उघडी आहे, आणि ज्याला दोष दिसेल त्या प्रत्येकाच्या नावे ती सोपवलेली आहे.